आधी पाठ बघा: जुन्या अमेरिकन फोटोंचं खोकं कसं वाचावं

कराडला आमच्या दादांचा छापखाना होता. एक ट्रेडल (पायानं चालवायचं छपाईयंत्र), अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस आणि ते जुळवणारे दोन कंपोझिटर. पुस्तक म्हणून कधी छापलं नाही, सगळं जॉबवर्क: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सिनेमाची हँडबिलं, बियाण्याच्या दुकानाची कॅलेंडरं. एका दिवसासाठी छापायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी भजी बांधायची. अमेरिकेत अशा कागदांना ‘इफेमेरा’ असं भारदस्त नाव आहे आणि ते जमवणारी, त्यासाठी पैसे मोजणारी माणसं आहेत, हे दादांना सांगितलं असतं तर ते बराच वेळ हसले असते.

गेली अठरा वर्षं मी पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहते. रविवारी ॲडम्सटाउनला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. लोक तिथे कपाटं आणि दिवे बघतात, मी टेबलाखालची खोकी बघते. लेक वैतागून विचारते, “आई, ही माणसं आपली कोण लागतात?” कोणीच नाही. आपल्या आजीच्या फोटोबद्दल ऐकीव गोष्टींवर भागतं. परक्याच्या आजीसाठी प्रत्येक गोष्ट पुराव्यानं काढावी लागते. ती कशी काढायची ते सांगते. उदाहरणाला माझं एकच खोकं घेते: बुटांचं, बारा डॉलरला घेतलेलं, आत दोनेकशे कागद आणि एका पत्र्यावरचा फोटो.

पहिली गोष्ट, लगेच गठ्ठे लावू नका. खोकं उघडलं की माझाही हात शिवशिवतो, पण आहे त्या क्रमानं वरून मोबाइलवर फोटो काढत जा. कोणता कागद कोणत्या पाकिटात होता, कोणते दोन एकत्र दुमडलेले होते, ही माहिती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. अल्बम असेल तर पानं सुटी करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. विक्रेते अल्बम फोडून एकेक फोटो विकतात, कारण सुट्याला जास्त पैसे येतात. अख्खा मिळत असेल तर घासाघीस करा, पण अख्खाच घ्या.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, इंचाची पट्टी, मऊ शिसपेन्सिल आणि एक लहानसं लोहचुंबक. हात धुऊन कोरडे करा. निगेटिव्ह असतील तर रबरी हातमोजे घाला. बॉलपेन टेबलावर ठेवूच नका. माझ्या पहिल्या वर्षीच्या कितीतरी फोटोंच्या मागे मी छान अक्षरात तारखा लिहिल्यात, त्या आता समोरच्या बाजूला माणसांच्या कपाळावर उमटलेल्या दिसतात.

आता पत्र्यावरचा फोटो. १८४० ते १८६० च्या दरम्यानचे फोटो बहुधा तीन प्रकारचे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा डॅगेरोटाइप आरशासारखा चमकतो. तिरका धरला तरच माणूस दिसतो, सरळ धरला तर आपलंच तोंड. काचेवरचा तो अँब्रोटाइप, तो मुख्यतः १८५५ नंतरच्या दहा वर्षांतला. आणि लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचाच. त्याचं पेटंट १८५६ मध्ये ओहायोच्या हॅमिल्टन स्मिथ या प्राध्यापकाला मिळालं. काचेआड डबीत बसवलेला असला की अँब्रोटाइप आणि टिनटाइप यांत गोंधळ होतो. तिथे चुंबक कामी येतं. फडक्यात गुंडाळून पाठीमागून हळूच टेकवा, घासू नका. टिनटाइप स्वस्त होता, जत्रेतसुद्धा काढून मिळायचा, आणि विसावं शतक उजाडलं तरी चालू होता. म्हणून ‘टिनटाइप म्हणजे अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातला’ असं सांगून कोणी भाव वाढवला तर मान हलवा आणि पुढे चला.

या तिन्हींत चित्र आरशासारखं उलटं येतं. माझ्या टिनटाइपमधल्या माणसाच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला होती, आणि मी दोन दिवस त्यावर काहीबाही सिद्धान्त रचत होते.

पुठ्ठ्यावरचे फोटो जास्त भेटतील. अडीच बाय चार इंचांचं छोटं कार्ड म्हणजे कार्त-द-व्हिजित. ही फ्रान्सची कल्पना. अमेरिकेत १८६० च्या आसपास तिची लाट आली. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं मोठं ते कॅबिनेट कार्ड, १८६६ पासून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. आता उलटा. मागे सरकारी महसुलाचं तिकीट चिकटवलेलं दिसलं तर तुमचं काम झालं: १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ. यादवी युद्धाचा खर्च काढायला सरकारनं फोटोंवर कर बसवला होता. तिकिटावरून किंमतही कळते. दोन सेंटचं असेल तर फोटो पंचवीस सेंटांपर्यंतचा, तीनचं असेल तर पन्नासपर्यंतचा, पाचचं असेल तर डॉलरपर्यंतचा. तिकीट रद्द करायला फोटोग्राफर त्यावर आद्याक्षरं आणि तारीख लिहायचा, कंटाळा आला तर नुसती काट मारायचा. ती काट बघून मला आमच्या रेव्हेन्यू स्टॅम्पवरच्या सह्या आठवतात.

तिकीट नसेल तर फोटोग्राफरचा छापलेला पत्ता वाचा. त्या काळी शहरांच्या डिरेक्टऱ्या छापत, गावातले धंदेवाले पत्त्यासकट. स्टुडिओ वारंवार जागा बदलायचे. अमुक गल्लीत तो कोणत्या वर्षी होता हे डिरेक्टरीत सापडलं की फोटो तीन-चार वर्षांच्या पट्ट्यात येतो. बऱ्याच डिरेक्टऱ्या आता स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहेत.

चेहऱ्यावरून मात्र काही ठरवू नका. फ्रॉकमधलं पोर मुलगीच असेल असं नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलगेही झगे घालायचे. भांग मधोमध असेल तर बहुधा मुलगी, बाजूला असेल तर बहुधा मुलगा, यापलीकडे जाऊ नका. उभ्या माणसाच्या पायांमागे लोखंडी स्टँडची बैठक दिसली की बाजारात त्याला ‘मृत व्यक्तीचा फोटो’ म्हणून दुप्पट भावानं विकतात. तो स्टँड जिवंत माणसाला हलू न देण्यासाठी असायचा. प्रेताचं वजन त्याला पेलणार नाही.

माझा खरा जीव पोस्टकार्डांवर. भिंग घ्या. चित्र ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर ते छापलेलं, म्हणजे जाळी (स्क्रीन) टाकून ठिपके पाडलेल्या ठशावरून (ब्लॉक) काढलेलं. दादांनी मला सहाव्या वर्षी हे वर्तमानपत्रावर दाखवलं होतं. ठिपके नसतील, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरत गेल्या असतील, तर तो खराखुरा फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर काढलेला. कोडॅकनं १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या मापाच्या फिल्मचा घडीचा कॅमेरा काढला आणि गावोगावचे हौशी लोक, फिरते फोटोग्राफर आपापल्या गल्लीचे, आगीत जळालेल्या कोठाराचे, नव्या गाईचे फोटो थेट पोस्टानं धाडू लागले. छापील कार्डावर न्यूयॉर्कचे मनोरे असतात. या कार्डांवर खाटकाचं दुकान असतं.

मग पाठ. मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ आहे का? नसेल, आणि अख्खी पाठ फक्त पत्त्यासाठी असेल, तर कार्ड १ मार्च १९०७ च्या आधीचं. त्या तारखेपासून टपाल खात्यानं पाठीवर मजकूर लिहायला परवानगी दिली. त्याआधी लोक चित्राच्या कडेला, आकाशात, मिळेल त्या मोकळ्या जागेत लिहायचे. तिकिटाच्या चौकटीत फोटोच्या कागदाचं नाव असतं. सर्वांत जास्त भेटतो तो ‘एझो’ (AZO): चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. कागद दुकानात पडून राहायचा, तेव्हा एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

टपालाचा दर हा तर बिनचूक साक्षीदार. पोस्टकार्डाला एक सेंट लागायचा, तो थेट १९५१ संपेपर्यंत. मध्ये दोनदाच दोन सेंट झाले, नोव्हेंबर १९१७ पासून जून १९१९ पर्यंत आणि १९२५ ते १९२८. पुढे १९५२ ला दोन, १९५८ ला तीन, १९६३ ला चार. पत्त्यात शहरापुढे एक-दोन आकडी क्रमांक आला, ‘फिलाडेल्फिया ४’ असा, तर १९४३ नंतरचं. पाच आकडी झिप कोड असेल तर १ जुलै १९६३ नंतरचं. कापडासारखा पोत आणि भडक रंग असलेली कार्डं १९३० नंतरची. त्यातलं शिकागोच्या कर्ट टाइश कंपनीचं असेल तर कोपऱ्यातला बारीक क्रमांक वाचा: ‘५ए’ म्हणजे १९३५, ‘५बी’ म्हणजे १९४५. एवढी शिस्त दादांच्या छापखान्यात असती तर त्यांची निम्मी भांडणं वाचली असती. त्या कंपनीचं अख्खं दप्तर आज शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे.

आता माझ्या खोक्यातलं ते खाटकाचं कार्ड. टपालात पडलेलं नाही, मागे तारीख नाही, नुसतं पेन्सिलीनं ‘हे आमचं’ अशा अर्थाचं एक वाक्य. पाठीला उभी रेघ, एझोचे चारही त्रिकोण वर. म्हणजे १९०७ ते १९१८. समोर तीन माणसं, रक्ताळलेले ॲप्रन, टांगलेली डुकरं. मी माणसं सोडून भिंतीकडे गेले. भिंगाखाली एक कॅलेंडर दिसलं: मे महिना, एक तारीख बुधवारी. त्या पट्ट्यात अशी तीनच वर्षं: १९०७, १९१२, १९१८. दाराच्या काचेत छोटा झेंडा. तारे मोजले, वरची रांग आठ ताऱ्यांची, दुसरी सात, तिसरी आणि चौथी पुन्हा आठाच्या. ४६ ताऱ्यांच्या झेंड्यात रांगा ८-७-८-८-७-८ अशा असतात, आणि तो झेंडा ४ जुलै १९०८ ते ३ जुलै १९१२ एवढाच अधिकृत होता. पुढचा ४८ ताऱ्यांचा, सगळ्या रांगा आठाच्या, तो १९५९ पर्यंत टिकला. म्हणजे १९०७ बाद. १९१८ मध्ये कोणी सहा वर्षं जुना झेंडा लावणारच नाही असं नाही, आणि आमच्याकडे जानेवारीचं पान मार्चपर्यंत भिंतीवर असायचं हेही मला आठवतं. म्हणून पाकिटावर मी ‘मे १९१२, बहुधा’ असं लिहिलं आणि खाली कारणं लिहिली. ‘बहुधा’ आणि कारणं, दोन्ही लिहायची सवय लावून घ्या. उद्या कुणाला माझी चूक काढायची असेल तर कुठून सुरुवात करायची ते त्याला कळलं पाहिजे.

असं भिंतीवर, कपाटात, काचेत डोकावणं हीच या कामातली गंमत आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर बहुतेक वेळा वर्ष असतं. किराणा दुकानाच्या काचेवर अंड्यांचा भाव असतो. फोटोग्राफरनं जे मुद्दाम मांडलं त्यापेक्षा त्याला हटवायचं सुचलं नाही ते मला जास्त विश्वासाचं वाटतं.

नंतरच्या घरगुती फोटोंचं थोडक्यात. गोल चित्र असेल तर कोडॅकचा सुरुवातीचा कॅमेरा, १८८८ आणि त्यापुढची थोडी वर्षं. पंचवीस डॉलरच्या त्या डब्यात शंभर फोटो भरलेलेच यायचे, संपले की डबाच्या डबा कोडॅककडे रॉचेस्टरला पाठवायचा. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि पोरांच्या हातात कॅमेरा गेला. करवतीसारख्या कडा साधारण १९३० ते १९५०. पांढऱ्या कडेवर ‘जुलै ६२’ असं छापलेलं असेल तर ती फोटो धुतल्याची तारीख; रोल कॅमेऱ्यात नाताळपासून पडून असू शकतो.

छापील चिठोऱ्यांकडे आले की मी माहेरी आल्यासारखी होते. १८८० च्या दशकात दुकानदार रंगीत जाहिरातकार्डं फुकट वाटायचे आणि मुली ती वहीत चिकटवायच्या. म्हणून मागे बऱ्याचदा खळीचे डाग आणि फाटलेला कागद असतो. तो काढायला जाऊ नका. कोणीतरी ते कार्ड जपून ठेवलं होतं याचा तोच पुरावा. माझ्या खोक्यात कनेक्टिकटच्या विलिमँटिक दोऱ्याचं एक कार्ड आहे, जंबो हत्तीला दोऱ्यानं ओढत नेणारं. सर्कसवाल्या बार्नमनं १८८२ मध्ये लंडनहून जंबो आणला तेव्हा सगळा देश त्याच्यापायी वेडा झाला होता, दोरेवाल्यांनी ती हवा पकडली. पुण्यात सिनेमातल्या नटीच्या नावाच्या बांगड्या यायच्या, तसंच.

बिलं आणि पावत्या बघताना तारखेची जागा पाहा. ‘१९० ’ एवढं छापून शेवटचा आकडा हातानं भरायला सोडलेला असतो. दादाही ‘१९७ ’ असंच छापायचे आणि दशक बदललं की उरलेल्या पावतीपुस्तकांसाठी गिऱ्हाइकाशी वाद व्हायचा. माझ्याकडच्या एका बिलावर शून्य खोडून एक केलेला आहे. दुकानदार काटकसरी होता एवढं त्यावरून नक्की सांगता येतं.

आणि रेशनची पुस्तकं. अमेरिकेत रेशन होतं यावर आपल्याकडच्या लोकांचा विश्वास बसत नाही. मे १९४२ मध्ये पहिलं पुस्तक निघालं, साखरेसाठी. नोंदणी प्राथमिक शाळांत, शिक्षकांच्या हातून. (हे वाचून माझी शिक्षिका बहीण म्हणाली, जगात कुठेही जा, जादाचं काम मास्तरांनाच.) पुढे कॉफीही रेशनवर गेली, पाच आठवड्यांना एक पौंड, आणि फेब्रुवारी १९४३ पासून बूट. या पहिल्या पुस्तकावर धारकाची उंची, वजन, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, वय लिहिलेलं असतं. फोटो नसलेल्या माणसाचं इतकं वर्णन दुसऱ्या कुठल्याही कागदावर मला सापडलेलं नाही. माझ्या खोक्यातल्या पुस्तकावरची बाई पाच फूट एक इंच, तपकिरी डोळ्यांची. आता गठ्ठ्यातल्या प्रत्येक फोटोत मी दाराच्या उंचीशी बायका ताडून बघते.

नाव आणि गाव मिळालं तर जनगणनेच्या नोंदी बघा. त्या बहात्तर वर्षांनी खुल्या होतात. १९५० च्या नोंदी एप्रिल २०२२ मध्ये आल्या. गल्लीतली घरं विटांची होती की लाकडाची, हे आगीच्या विम्यासाठी काढलेल्या सॅनबॉर्न नकाशांवर रंगांनी दाखवलेलं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते मिळतात.

तिथेच सरकारी फोटोही आहेत. मंदीच्या काळात, १९३५ पासून, रॉय स्ट्रायकरच्या हाताखालच्या फोटोग्राफरांनी देशभर हिंडून काढलेली पावणेदोन लाखांच्या आसपास काळीपांढरी निगेटिव्हं. डोरोथिया लँगचा चिंताग्रस्त आईचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुम्ही किराणा दुकानांचे, न्हाव्यांचे, चर्चबाहेरच्या जेवणाचे बघा. काहींच्या मधोमध काळा गोल ठिपका दिसेल. नापसंत निगेटिव्हला स्ट्रायकर पंचनं भोक पाडायचा. आता ती भोकं पाडलेलीच मी जास्त वेळ बघते.

बाजारातल्या खोक्यांत कोण नसतं तेही ध्यानात ठेवा. माझ्या खोक्यांत गोरी कुटुंबंच जास्त. कृष्णवर्णीय आणि चिनी माणसं भेटतात ती जाहिरातकार्डांवर, विद्रूप करून काढलेली. अशी कार्डं फाडू नका आणि भिंतीवरही लावू नका. त्यांचं साल काढा, कोणत्या मालासाठी होती ते लिहा. मग कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेले अल्बम उघडा: जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांचे साडेतीनशेहून अधिक फोटो, कडक इस्त्रीचे कपडे, पियानो, दुकानं. तेही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

फोटोखालची ओळ खरी धरू नका, हे मला आपल्याच माणसानं शिकवलं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातला आनंदीबाई जोशींचा फोटो तुम्ही पाहिला असेल: शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. व्हॉट्सॲपवर तो दरवर्षी ‘पदवीदानाच्या दिवशीचा’ म्हणून फिरतो. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, डीनबाईंच्या स्वागत समारंभाचा. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबूलींना १८९० मध्ये. तिघींचं पदवीदान एका दिवशी झालेलंच नाही. फोटो आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आणि शोधताना ‘आनंदीबाई जोशी’ या आजच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. त्या काळी आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलेलं आढळतं.

जपणुकीचं सांगते आणि थांबते. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, कोरी पाठसुद्धा. पाकिटं आम्लरहित कागदाची किंवा पॉलिस्टरची. वास येणारं मऊ प्लास्टिक नको. तळघर ओलं असतं, माळा तापतो, दोन्ही नकोत. झोपायच्या खोलीतलं कपाट उत्तम. सेलोटेप घरातच ठेवू नका. मी एकदा चिकट पानांचा सुंदर अल्बम आणून त्यात चाळीस फोटो लावले, आणि दोन वर्षांनी दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा फिरवत एकेक सोडवला. अडतीस सुटले. जुन्या निगेटिव्हच्या कडेला ‘नायट्रेट’ असं लिहिलेलं दिसलं तर ती घरात साठवू नका, ती भडकन पेटते. जिल्ह्याच्या ऐतिहासिक संस्थेला फोन करून काय करायचं ते विचारा.

सगळं पाकिटांत गेल्यावर मी रिकामं खोकं पुनर्वापराच्या डब्यात टाकायला निघाले होते. झाकण दुमडताना बाजूची चिठ्ठी दिसली: बायकांचे बूट, माप साडेपाच, काळे, किंमत, आणि दुकानाचा फोन नंबर, दोन अक्षरं आणि पाच आकडे असा. साडेपाच म्हणजे लहान पाय. पाच फूट एक इंचाच्या बाईला बसतील असे. खोकं परत वर नेलं, चिठ्ठीचं स्कॅन केलं, आणि पेन्सिलीनं लिहिलं: ‘बहुधा तिचेच. कारण: माप.’ मग ‘तिचेच’ खोडलं आणि नुसतं माप ठेवलं.